दोन पावसाळे पाहिलेला तांदूळ

म्हसरूळला ज्यांच्या घरात वरच्या मजल्यावर आम्ही सात वर्षं भाड्यानं राहिलो, ते घरमालक एसटीत ड्रायव्हर होते. आम्ही राहायला गेलो तेव्हा त्यांना निवृत्त होऊन वर्ष झालं होतं, पण ते एसटीच्या कागदावर. घरात त्यांची ड्यूटी चालूच होती. स्वयंपाकघरात गॅसच्या वर, जिथं लोक कॅलेंडर लावतात तिथं, त्यांनी पत्र्याची एक पाटी ठोकली होती. तिच्यावर लाल रंगात, स्वतःच्या हातानं लिहिलेलं होतं, 'चालकाशी बोलू नये.'

चालक म्हणजे ते. त्या घरात स्वयंपाक तेच करायचे. काकू पुढच्या खोलीत मशीनवर ब्लाउज शिवायच्या आणि कुणी विचारलंच तर सांगायच्या, "मी लग्नाआधीच बोलले होते, मला खिचडी येते. पुढचं ज्याचं त्यानं बघावं." त्यांनी बघितलं. चाळीस वर्षं बघत होते.

हे लिहायला बसलो त्याचं कारण आधीच सांगून टाकतो. या माणसाशी मी एकदा खोटं बोललो. एकाच शब्दाचं खोटं होतं. पण त्यामुळं सहा दिवाळ्या त्यांनी अनारसे केले नाहीत, आणि आपला हात गेला असं मानून बसले. त्यांच्या गमती सांगायला लागलो की मला हसू येतं, आणि हसण्याच्या भरात मी माझा भाग गाळून टाकेन अशी माझी मलाच भीती वाटते. म्हणून तो पहिल्यांदा लिहिला.

घर बघायला गेलो तेव्हा त्यांनी मला नोकरी विचारली नाही, पगार विचारला नाही. बायकोला विचारलं, "सूनबाई, वरणाला फोडणी हिंगाची का लसणाची?"

ती गोंधळली. म्हणाली, "ज्या दिवशी ज्याला जशी हवी तशी."

ते जरा विचारात पडले. मग काकूंकडे वळून म्हणाले, "चालतील. भांडणारी नायत."

मी द्राक्षाच्या औषधांच्या कंपनीत विक्रीचं काम करायचो. आज दिंडोरी, उद्या निफाड, परवा घोटी, अशी फिरती. हे कळल्यावर त्यांचे डोळे चमकले. दुसऱ्या दिवसापासून मी 'कंडक्टर' झालो. सात वर्षांत त्यांनी मला दुसऱ्या नावानं हाक मारली नाही.

त्यांच्या डोक्यात नाशिक जिल्ह्याचा नकाशा खाण्याचा होता. तीस वर्षं ज्या लाईनीवर गाडी चालवली, त्या लाईनीवर काय चांगलं मिळतं ते पाठ. नागली हरसूलच्या बाजारची, तीही वरच्या अंगाला बसणाऱ्या बायांकडची. खुरासणीचं तेल पेठ लाईनीचं. तांदूळ घोटीचा. कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेल्या तांदळाला ते 'विनातिकीट' म्हणायचे. आमच्या घरी असा तांदूळ शिजला की जिन्यातून वास घेऊन हाक यायची, "सूनबाई, विनातिकीट का आज?" बायको खिडकीतून म्हणायची, "दंड भरते काका, या जेवायला." आणि ते येऊन जेवून जायचे.

त्यांच्या स्वयंपाकघरापासून आमच्या गॅलरीपर्यंत एक दोरी होती आणि तिला घंटा. गाडीतलाच नियम. एक ठोका म्हणजे थांबा, दोन ठोके म्हणजे चला, म्हणजे खाली या. सकाळी मी दाढी करत असताना दोन ठोके पडले की गालाला फेस तसाच ठेवून खाली जायचो. वाटीत कसला तरी एक घास असायचा.

"मीठ?"

"बरोबर."

"जा."

बस, एवढंच. एकदा ऑफिसला निघालो आणि जिन्यात असताना एक ठोका पडला. मी थांबलो. पाच मिनिटं झाली, दहा झाली. शेवटी खाली डोकावलो, तर ते कढई घासत होते. "अरे, कोपर लागलं दोरीला," ते म्हणाले. मग कढई खाली ठेवून त्यांनी माझ्याकडे बघितलं. "थांबलास मात्र," असं म्हणाले. त्या दिवसानंतर त्यांचा माझ्यावरचा विश्वास वाढला. हे लिहिताना अजून लाजायला होतं.

नवरात्र बसलं की त्या घराला वेग यायचा. त्या दिवसांत म्हसरूळची हवा बदलते. पाऊस ओसरलेला, डोंगर अजून हिरवे, बाजारात झेंडूचे ढीग. काकू सणाच्या ब्लाउजांत बुडालेल्या आणि ते भाजणीत. दिवाळीचा फराळ ते गल्लीभर वाटायचे, पण कसाही नाही. ती फेरी होती. पहिला थांबा कोपऱ्यावरचं घर, शेवटचा आमचा. क्रम चुकायचा नाही आणि उलटं वळायचं नाही. एखाद्या घराचं दार बंद असलं की पुढं. एका दिवाळीत समोरच्या वहिनी केस धूत होत्या, त्यांना दार उघडायला दोन मिनिटं उशीर झाला. ताट पुढच्या घरी गेलेलं. त्या ओल्या केसांनी मागं धावल्या. "काका, माझं राहिलं."

"परतीच्या फेरीला," ते चालता चालता म्हणाले.

परतीची फेरी संध्याकाळी सहाला. वहिनी साडेपाचपासून दारात उभ्या होत्या.

कामात कुणी घाई केली की ते म्हणायचे, "घाई असेल त्यानं मागच्या गाडीनं यावं." हे ते जावयालाही म्हणाले होते, लग्नाच्या मांडवात, पंगत वाढताना.

पण सगळ्या फराळात त्यांचा जीव अनारशात. बाकीचं ते बनियनवर करायचे. अनारसे तळायचे त्या दिवशी जुना खाकी शर्ट घालायचे, वरचं बटणसुद्धा लावायचे. पाटी खरी लागू व्हायची ती त्या दिवशी. तांदूळ तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, सावलीत धोतरावर वाळवायचा, जरा दमट असतानाच कुटायचा, चाळायचा, गुळात मळून चार दिवस मुरायला ठेवायचा. मग खसखशीवर थापून तुपात सोडायचा, मंद आचेवर, न उलटता, वरून झाऱ्यानं तूप उडवत. तांदूळ, गूळ, आच यांतलं एक जरी बिघडलं तरी अनारसा तुपात पसरतो आणि त्याचा चुरा होतो. बायका त्याला 'हसला' म्हणतात. काकांचा अनारसा कधी हसला नव्हता. गल्लीतल्या कुठल्याही मुलीचं लग्न झालं की तिच्या पहिल्या दिवाळसणाला अनारशाचा डबा यांच्याकडून जायचा. कुणी सांगावं लागायचं नाही.

त्यांच्या एकुलत्या मुलीचं लग्न झालं दिंडोरीला, द्राक्षबाग असलेल्या घरात. तिथल्या विहीणबाई अनारशांसाठी पंचक्रोशीत माहीत होत्या. लग्नात हे त्यांना म्हणाले, "अनारसे खावेत तर ड्रायव्हरच्या हातचे. दिवाळसणाला तुम्हीपण या जावयाबरोबर."

विहीणबाई पदर सावरत म्हणाल्या, "येते की. बघू तरी ड्रायव्हर किती तरबेज हाय."

झालं. पैज लागली नव्हती, पण लागली होती.

दसरा झाला आणि त्यांनी मला बोलावलं. सोमवारी मी घोटीला जाणार हे त्यांना माहीत होतं. "रेल्वे फाटकापलीकडं भातगिरणी हाय. म्हाताऱ्याला माझं नाव सांग. जाडा तांदूळ, दोन पावसाळे पाहिलेला. नवा बिलकूल नको. नव्याला चीक असतो, अनारसा धरत नाय."

मी "हो" म्हणालो. सोमवारी गिरणीवर पोचलो साडेबाराला. कुलूप. शेजारचा म्हणाला, म्हातारा जेवायला गेलाय, येईल तासाभरात. मला दोनच्या आत नाशिकला परतायचं होतं. महत्त्वाचं काही नव्हतं, एका मित्राकडं मॅच बघायला जमणार होतो. हायवेला एका दुकानात तांदूळ घेतला. दुकानदार प्रामाणिक होता. स्वतःहून म्हणाला, "हळवा हाय साहेब, नवा, याच आठवड्यात आलाय. वास घ्या." मी वास घेतला. छान होता. मला वाटलं, तांदूळ तो तांदूळ. उलट ताजा आहे, चांगलाच.

खरं सांगायचं तर असंही वाटलं नव्हतं. आळस केला होता आणि त्याला हे नाव दिलं होतं.

घरी आलो तर ते दारातच.

"गिरणीचा ना?"

"हो."

"जुना?"

"जुना."

त्यांनी पिशवी उघडलीसुद्धा नाही. काकू म्हणाल्या, "अहो, बघा तरी." त्यावर ते म्हणाले, "कंडक्टरनं डबल बेल दिली की ड्रायव्हर मागं वळून बघतो का?" आणि पिशवी आत घेऊन गेले.

तीन दिवस तांदूळ भिजत होता. पहिले दोन दिवस सकाळी पाणी बदलताना मी त्यांच्या शेजारी उभा होतो. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "पाणी लयच दुधाळ दिसतंय रे." मी म्हणालो, "पॉलिश जास्त केलं असेल." तेव्हा सांगितलं असतं तर गिरणीवर जाऊन दुसरा तांदूळ आणता आला असता. दिवाळीला अजून पंधरा दिवस होते. मी सांगितलं नाही. रात्री बायकोला सांगितलं. ती उठून बसली. म्हणाली, "उद्या सकाळी पहिलं काम हे करायचं." सकाळी मी लवकर निफाडला निघून गेलो.

पाडव्याला विहीणबाई आल्या. मुलगी, जावई, सगळे पुढच्या खोलीत. आत खाकी शर्ट घालून काका एकटे. पाटीप्रमाणं कुणी आत जायचं नव्हतं. आम्ही सगळे बाहेर बसून तुपाचा वास घेत होतो. बराच वेळ झाला. दोनदा गॅस कमी-जास्त केल्याचा आवाज आला. मग ते बाहेर आले, हातात ताट. ताटात चुरा होता, काळपट, तुपानं निथळणारा. त्यांनी तो लपवला नाही. सरळ विहीणबाईंच्या पुढं धरला.

"बाई, सगळे हसले. एकपण धरला नाय. हात गेला माझा."

विहीणबाईंनी चिमूटभर उचलून तोंडात टाकला. "गोड लागतोय की," असं म्हणून त्यांनी ताट मांडीवर घेतलं आणि सगळ्यांबरोबर बोलता बोलता तो चुरा जवळजवळ संपवला. त्या बाईंबद्दल मला तेव्हापासून आदर आहे. मी मात्र तिथंच बसलो होतो, तोंडात शंकरपाळी धरून.

पुढच्या वर्षी त्यांनी अनारशाचा विषयच काढला नाही. चिवडा केला, शेव केली. काकू म्हणाल्या, "अहो, एकदा बिघडलं म्हणून काय झालं?" ते म्हणाले, "बिघडलं नाय. गेलं." गल्लीतली एक मुलगी त्या वर्षी सासरी गेली, तिच्यासाठी मिठाईच्या दुकानातून डबा आला. आणि दिंडोरीहून दर दिवाळीला विहीणबाईंच्या अनारशांचा डबा येऊ लागला. ते त्यातला एक उभ्यानं खायचे. "बाईंचा हात हाय," म्हणायचे आणि डबा आमच्याकडं वर पाठवून द्यायचे. आमच्या घरात तो डबा उघडणं माझ्या जिवावर यायचं. बायको मुद्दाम माझ्या पुढ्यात ठेवायची.

अशा दोन दिवाळ्या गेल्या आणि आम्ही पाथर्डी फाट्याला फ्लॅट घेतला. जागा अपुरी पडत होती म्हणून, असं मी सगळ्यांना सांगतो. ते खरंही आहे. पण दोन ठोके पडले की खाली जाऊन 'मीठ बरोबर' म्हणणं नको वाटायचं, हेही एक कारण होतं.

दर दसऱ्याला मात्र आम्ही आपट्याची पानं घेऊन त्यांच्याकडं जायचो. त्या पाडव्यानंतरच्या सातव्या दसऱ्याला गेलो तेव्हा ते ओट्यावर बसले होते. पानं हातात दिली, पाया पडलो. काकू आत मशीनवर होत्या. बायको त्यांना सोनं द्यायला गेली. मी विचारलं, "काय काका, यंदा फराळाचं काय?"

"चिवडा," ते म्हणाले. "चिवडा कुणालापण येतो." मग हातातलं पान उलटंसुलटं करत म्हणाले, "ड्रायव्हरचं असंच असतं रे. एकदा नजर गेली की लायसन जमा करायचं. हट्ट करायचा नाय. माणसं मरतात."

हे त्यांनी इतकं सहज, इतकं समजूतदारपणे म्हटलं की मला सहन झालं नाही. रडगाणं गायलं असतं तर मी त्या वर्षीही गप्प बसलो असतो.

"काका," मी म्हणालो, "तुमच्या हाताला काही झालेलं नाही. त्या वर्षीचा तांदूळ नवा होता."

मशीन थांबली.

ते माझ्याकडं बघायला लागले. "गिरणीचा होता ना?"

"नाही. गिरणीला कुलूप होतं. हायवेला घेतला."

"जाताना डाव्या हाताला का उजव्या?"

"डाव्या."

"तो नवा बोलला होता?"

"हो. स्वतःहून."

"आणि तू मला जुना बोललास."

"हो."

"कशापायी?"

मी मॅचचं सांगितलं. दुधाळ पाणी पाहून गप्प बसलो, तेही सांगितलं. खाली मान घालून बसलो. शिव्या येतील, नाहीतर दार दाखवतील, असं वाटत होतं. सहा वर्षं मी या क्षणाची जी जी रूपं मनात रंगवली होती त्यांत जे झालं ते कुठंच नव्हतं. ते हसायला लागले. आधी खांदे हलले, मग पोट, मग डोळ्यांतून पाणी. ओटा बडवत होते.

"म्हणजे हात गेला नव्हता," ते म्हणाले. "ऐकलं का गं? हात गेला नव्हता."

काकू चष्मा कपाळावर चढवून दारात आल्या. "हेच मी सहा वर्षं बोलतेय. पण मी पडले ब्लाउज शिवणारी."

मग ते एकदम हसायचे थांबले आणि माझ्याकडं वळले. "लय नालायक निघालास कंडक्टर."

"हो काका."

"उद्या सकाळी सातला गाडी घेऊन ये. दिंडोरीला जायचंय."

"कशाला?"

"विहीणबाईंना सांगायला."

"मी सांगू?"

"मग काय मी? भानगड तुझी."

दिंडोरीपर्यंत थांबायला ते कुठले तयार. सकाळी गाडीत बसण्याआधी त्यांनी मला समोरच्या वहिनींच्या दारात नेलं. "सांग यांना." मी सांगितलं. कोपऱ्यावरच्या घरी सांगितलं. रस्त्यात चहाला थांबलो, तिथं चहावाल्याला सांगितलं, त्याचा अनारशांशी काही संबंध नसताना. या तिसऱ्या वेळी मला जरा सवय झाली आणि मी भरभर उरकायला लागलो, तर ते मध्येच म्हणाले, "थांब. कुलूप साडेबाराला होतं. आता बाराला म्हणालास. नीट सांग." चहावाला म्हणाला, "जाऊ द्या ना बाबा, माणसाकडून होतं." ते इतके खुशीत होते की त्याला म्हणाले, "होऊ दे ना. मी कुठं नाय म्हणतो? पुढं सांग रे."

दिंडोरीला विहीणबाई पडवीत लसूण निवडत होत्या. बागेत फळासाठीची गोडी छाटणी चालू होती, मजुरांची ये-जा. मी उभ्यानं सगळं सांगितलं. मॅचसकट. त्या लसूण सोलता सोलता ऐकत होत्या. संपल्यावर व्याह्यांना म्हणाल्या, "म्हणजे मी सहा वर्षं डबे धाडले ते फुकट?"

"फुकट कसे? खाल्ले ना."

"माझं पीठ मुरलेलं हाय. चला आत, दाखवा करून."

"तुमच्या पिठाचे तुमचेच होणार. तांदूळ द्या. दोन पावसाळ्यांचा."

"अहो, आठ दिवस लागतील."

"लागू द्या."

आणि ते राहिले. मुलीच्या सासरी बाप आठ दिवस राहतो, हे त्या घरानं काय, त्या गावानं पाहिलं नसेल. त्यांची मुलगी मला बाजूला घेऊन कुजबुजत म्हणाली, "दादा, पप्पांना घेऊन जा ना. लोक काय म्हणतील?" त्यांना तिथं आणणारा मीच होतो. मी गाडीची किल्ली काढली आणि एकटाच नाशिकला निघालो. काकूंनी फोनवर विचारलं, "लाज बीज?" ते म्हणाले, "गाडी मुक्कामी पोचल्याबिगर ड्रायव्हर उतरत नाय," आणि फोन जावयाकडं दिला.

त्या आठ दिवसांचं मला नंतर मुलीकडून कळलं. तांदळाचं पाणी बदलून झालं की ते बागेत जायचे. तिसऱ्या दिवशी फवारणीचा ट्रॅक्टर त्यांच्या हातात होता. चौथ्या दिवशी मजुरांच्या जेवणाचं पिठलं त्यांनी केलं. मजुरांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा मागितलं, तेव्हा विहीणबाई म्हणाल्या, "व्याही, तुम्ही गेल्यावर ही माणसं माझं खाणार नायत. बेतानं करा." कोजागिरीला त्यांनी दूध आटवलं, आणि प्यायला रांग लावली.

आठव्या दिवशी मी, बायको आणि काकू दिंडोरीला गेलो. स्वयंपाकघर परकं, त्यामुळं पाटी नाही. सगळे आत गोळा झालेले. विहीणबाई काकांच्या खांद्यामागं हाताची घडी घालून उभ्या. काकांनी पहिला अनारसा थापला, खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडला.

कडा थरथरल्या. मग मध्ये एक बारीक चीर दिसली. ती रुंद होत गेली. अनारसा पसरला, आणि त्याचे तुकडे तुपात गोल फिरायला लागले.

माझ्या मनात त्या वेळी जे आलं ते सांगतो. नवा तांदूळ हे निम्मंच कारण असेल तर? सहा वर्षांत या माणसानं हात गेल्याचं मान्य करून शांतता मिळवली होती. मी माझं ओझं उतरवण्यासाठी ती काढून घेतली, आणि आता हे विहिणीसमोर दुसऱ्यांदा घडतंय. काकूंनी माझ्या बायकोचा हात धरला होता. काकांची पाठ आमच्याकडं होती. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता. झारा हातात तसाच होता.

"आच मोठी हाय, व्याही," मागून विहीणबाई शांतपणे म्हणाल्या. "आमचा बर्नर मोठाय. निम्म्यावर आणा."

त्यांनी मान न वळवता विचारलं, "निम्म्यावर?"

"निम्म्याच्यापण जरा खाली."

त्यांनी आच कमी केली. तुकडे गाळून काढले. तूप निवेपर्यंत थांबले. केवढा वेळ थांबले. मग दुसरा सोडला. कडा थरथरल्या, आणि थांबल्या. झाऱ्यानं ते वरून तूप उडवत राहिले. खसखशीच्या खाली हळूहळू छिद्रं पडायला लागली, एक, दोन, मग सगळीकडं. सोनेरी जाळी. त्यांनी तो चाळणीत उभा करून ठेवला आणि लगेच तिसरा सोडला. तिसराही धरला. चौथाही. ते वर बघतच नव्हते. एकामागून एक, पीठ संपेपर्यंत.

शेवटचा निघाल्यावर विहीणबाईंनी चाळणीतला एक उचलला, मधून मोडला, जाळी उजेडात धरून पाहिली आणि खाल्ला. सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत होते. त्यांनी घाई केली नाही.

"माझ्यापरास बरा हाय," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "थोडा."

तेवढ्यावर काकांनी गॅस बंद केला, खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं, आणि ते बराच वेळ पुसत राहिले. मुलगी पुढं झाली तर तिला म्हणाले, "तुपाचा धूर गेला डोळ्यात." मुलगी रडत होती, काकू हसत होत्या, जावई दुसरा अनारसा खात होता.

मला त्यांनी पहिल्याचे तुकडे वाटीत घालून दिले. "हे तुझं," म्हणाले. मी खाल्ले. गोड होते.

त्याला आता चार वर्षं झाली. म्हसरूळच्या गल्लीतल्या मुलींना पुन्हा डबे जातात. दिंडोरीहून अजून विहीणबाईंचा डबा येतो, आता दोघांमध्ये तुलना होते आणि ती कधी निकाली निघत नाही. दसरा झाला की मला त्यांचा फोन येतो, "कंडक्टर, घोटीला कधी चाललास?" मी आता त्या कंपनीत नाही, घोटीला माझं काहीच काम नसतं. मी एक दिवस सुट्टी काढून जातो. गिरणीवर म्हातारा जेवायला गेला असेल तर दगडावर बसून राहतो.

पिशवी घेऊन त्यांच्या दारात पोचलो की ते मला ओट्यावर उभं करतात. पिशवी सोडतात, हात आत कोपरापर्यंत घालतात, तळातला मूठभर तांदूळ काढून उजेडात धरतात. मग त्यातला एक दाणा दाताखाली ठेवून फोडतात. डोळे माझ्यावर असतात. मी काही बोलत नाही, ते काही विचारत नाहीत. पूर्वीसारखा माझ्या शब्दावर त्यांचा विश्वास नाही. काकू दरवर्षी म्हणतात, "अहो, पुरे, त्याला आत तरी येऊ द्या." ते दुसरा दाणा फोडतात.

दुसऱ्या कुणाला मात्र ते पाठवत नाहीत. मी एकदा विचारून पाहिलं, जावयाची गाडी दर आठवड्याला घोटीवरून जाते, त्याला का सांगत नाही. ते चावता चावता म्हणाले, "त्याला काय कळतंय तांदळातलं," आणि पिशवी उचलून आत गेले.